घरची वाइन, बाबांची झोप आणि टायरोसिनची पावडर

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर सप्टेंबरला इथल्या इटालियन शेजाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या द्राक्षांच्या पेट्या घेतो आणि तळघरात घरापुरती रेड वाइन करतो. यंदा तीन पेट्या घ्यायचा विचार आहे. वाइन आंबताना यीस्ट स्वतःच हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि मेलाटोनिन तयार करतं, एक हृदयाला चांगलं आणि दुसरं झोपेला, असं वाचलं. माझे बाबा (वय ६८) पुढच्या मे महिन्यात पुण्याहून येणार आहेत. त्यांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. रात्री झोप तुटते. त्यांना रोज जेवताना एक ग्लास दिला तर? ही द्रव्यं वाढावीत म्हणून सप्लिमेंटच्या दुकानात मिळणारी टायरोसिनची पावडर आंबवणात घालू का? यीस्ट कोणतं आणि किती घालायचं?

उत्तर:

आधी बाबांचं. औषध म्हणून त्यांना रोजचा ग्लास देऊ नका. १५० मिलि वाइनमध्ये, अल्कोहोल १३ टक्के धरलं, तर साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. यकृत ते निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मंदावतं. ग्लिमेपिराइड दुसऱ्या बाजूने इन्सुलिन वाढवत असतं. त्यामुळे मध्यरात्रीनंतर साखर खाली घसरू शकते. घाम, बडबड, गोंधळ ही तिची लक्षणं चढलेल्या माणसासारखीच दिसतात, म्हणून घरचे ‘झोपू दे’ म्हणून दुर्लक्ष करतात, आणि धोका तिथेच असतो. मेटफॉर्मिनबरोबर जास्त दारू झाली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. सणासुदीला त्यांना अर्धा ग्लास घ्यावासा वाटला, तर तो भरल्या पोटी, आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून.

झोपेचं गणितही उलटं आहे. अल्कोहोलने डोळा लवकर लागतो हे खरं. पण रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबते आणि उत्तरार्धात झोप वारंवार मोडते. बाबांची तक्रार झोप तुटण्याचीच आहे.

आता तुम्ही जे वाचलंत त्याबद्दल. ते खोटं नाही. त्यामागचं रसायन जुनं आहे आणि नीट समजलेलं आहे. गोंधळ होतो तो प्रमाणाचा.

द्राक्षाच्या रसात साखर भरपूर असते, नायट्रोजन मात्र बेताचा. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो, म्हणून ते रसातली अमिनो आम्लं उचलतं, त्यांचा नायट्रोजनवाला भाग काढून घेतं आणि उरलेला कार्बनी सांगाडा बाहेर टाकतं. फेलिक्स एर्लिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास हा मार्ग मांडला, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अमिनो आम्लातला अमिनो गट दुसऱ्या रेणूकडे जातो, मग कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो आणि जे अल्डिहाइड उरतं त्याचं शेवटी अल्कोहोल होतं. टायरोसिनपासून अशा रीतीने टायरोसॉल होतं. फेनिलअॅलॅनिनपासून फेनिलइथेनॉल होतं, म्हणजे वाइनला येणारा गुलाबाचा वास. ट्रिप्टोफॅनपासून ट्रिप्टोफॉल होतं. म्हणजे आंबवण रंगात असताना भांड्यातून गुलाबाची झुळूक आली, तर त्याच कारखान्यात शेजारच्या यंत्रावर टायरोसॉलही बनतंय असं समजायला हरकत नाही.

टायरोसॉलला आणखी एक हायड्रॉक्सिल गट लागला की हायड्रॉक्सीटायरोसॉल होतं. ऑलिव्ह तेलाला नावाजलं जातं ते याच द्रव्यासाठी. मेलाटोनिनची वाट वेगळी आहे. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनच्या टप्प्यातून यीस्ट ते बनवतं. याशिवाय यीस्टच्या पेशीत ग्लुटाथायोन असतं, त्याने रस आणि वाइन हवेने तपकिरी पडण्यापासून वाचतात. रेड वाइनच्या गप्पांत हमखास येणारं रेस्व्हेराट्रॉल मात्र यीस्टच्या खात्यावर टाकू नका. ते द्राक्षाच्या सालीतलं. यीस्टची विकरं फार तर त्याला चिकटलेली साखर सोडवून ते मोकळं करतात.

आकड्यांकडे या. रेड वाइनमध्ये टायरोसॉल लिटरला दोन आकडी मिलिग्रॅम सापडतं, हायड्रॉक्सीटायरोसॉल लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम. युरोपीय संघाच्या २०१२ च्या मान्य आरोग्यदाव्यांच्या यादीत ऑलिव्ह तेलातल्या या द्रव्यांचा समावेश आहे. रक्तातल्या चरबीचं ऑक्सिडेशन रोखण्यासाठी दिवसाला ५ मिलिग्रॅम, तेही २० ग्रॅम तेलातून, असं तिथे म्हटलंय. २० ग्रॅम तेल म्हणजे दीड टेबलस्पून. लिटरला ३ मिलिग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल असलेल्या वाइनमधून तेवढंच मिळवायचं, तर रोज दीड लिटरहून जास्त, म्हणजे दोन बाटल्यांच्या वर प्यावी लागेल. शरीर काही टायरोसॉलचं हायड्रॉक्सीटायरोसॉल करून घेतं, त्यामुळे हिशेब थोडा सुधारतो. पण दारू प्यायल्यावर लघवीत हायड्रॉक्सीटायरोसॉल वाढलेलं दिसतं, त्याचा एक भाग अल्कोहोलमुळे आपल्याच शरीरातल्या डोपामिनची विल्हेवाट वेगळ्या वाटेने लागते म्हणून वाढतो. तो काही यीस्टने दिलेला नसतो. अभ्यासांचे मथळे वाचताना ही गोष्ट हमखास निसटते.

मेलाटोनिनचं तर विचारूच नका. वाइनमधलं मेलाटोनिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम असा सढळ आकडा धरला, तरी १५० मिलिच्या ग्लासात ०.०१५ मिलिग्रॅम बसतं. त्याच युरोपीय यादीत झोप लवकर लागण्यासाठी झोपण्याआधी १ मिलिग्रॅमचा उल्लेख आहे. तेवढ्यासाठी जवळपास ६७ ग्लास लागतील. आणि १.२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर कुठलाही आरोग्यदावा छापायला युरोपीय संघात मुळात बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं ते १९८८ मध्ये.

‘यीस्ट म्हणजे ब जीवनसत्त्वाचं कोठार’ हेही ऐकायला मिळतं. ते कोठार पेशीच्या आत असतं. वाइन निवळली की पेशी तळाला बसतात, आणि तुम्ही गाळ टाकून वरची वाइन काढून घेता. थायमिन तर यीस्ट वाढताना स्वतःच रसातून खाऊन टाकतं, आणि उरलेलं सल्फाइटने मोडतं.

आता तुमची टायरोसिनची पावडर. ही कल्पना कुठून आली ते कळतं. प्रयोगशाळेत कृत्रिम रसात टायरोसिन वाढवलं की टायरोसॉल वाढलेलं दिसतं. पण तळघरातल्या पिंपात ते करू नका. टायरोसिन पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्याही आत. चमचाभर टाकलं तर बरंचसं तळाशी पांढरं बसून राहील. ही अडचण किरकोळ. खरी अडचण पुढे आहे. रेड वाइनमध्ये अल्कोहोली किण्वन संपलं की लॅक्टिक जिवाणू मॅलिक आम्ल मऊ करायला येतात, आपण बोलावलं नाही तरी येतात. त्यांतल्या काही जातींकडे टायरोसिनचा कार्बन डायऑक्साइड काढून टायरामिन करणारं विकर असतं. म्हणजे यीस्टने न उचललेलं टायरोसिन तुम्ही थेट त्यांच्या ताटात वाढता. टायरामिनने काहींना डोकं दुखतं, रक्तदाब उसळतो. नैराश्यासाठी एमएओ रोधक गोळ्या घेणाऱ्यांना किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असलेल्यांना ते गंभीर ठरू शकतं. टायरोसॉल वाढवायला जाऊन टायरामिन वाढवून बसाल.

युरियाबद्दलही सांगून टाकतो, कारण घरगुती कृतींच्या जुन्या कागदांवर ‘यीस्टला खत म्हणून चिमूटभर युरिया’ अजून दिसतो. युरिया आणि अल्कोहोल साठवणीत एकत्र राहिले की इथाइल कार्बामेट तयार होतं, आणि उष्णतेत ते वेगाने होतं. ते कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेलं द्रव्य आहे. कॅनडाने १९८५ मध्ये टेबल वाइनसाठी लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. यीस्ट स्वतःही आर्जिनिनपासून थोडा युरिया सोडतं. त्यात आपली भर नको.

मग यीस्टने चांगलं काम करावं यासाठी करायचं काय? त्याला नायट्रोजन योग्य रूपात आणि योग्य वेळी द्यायचा. अमोनियम हा यीस्टचा आवडता खाऊ आहे. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट सुरुवातीलाच भरपूर ओतलं, तर यीस्ट अमोनियमवर ताव मारतं आणि टायरोसिन, फेनिलअॅलॅनिन यांसारख्या अमिनो आम्लांकडे उशिरा वळतं. एर्लिखची वाट तेवढा वेळ सुस्त राहते. उलट नायट्रोजन फारच कमी पडला तर सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि किण्वन मधेच अडकतं. म्हणून मुख्य भर सेंद्रिय पोषकावर ठेवा, म्हणजे निष्क्रिय यीस्टपासून केलेल्या, अमिनो आम्लांच्या रूपात नायट्रोजन देणाऱ्या पुडीवर. डीएपी गरज पडली तरच, तेही बेताने.

तुमच्या तीन पेट्यांचा हिशेब असा. एक पेटी ३६ पौंडांची, तिन्ही मिळून १०८ पौंड, म्हणजे जवळपास ४९ किलो. देठ काढून, दाणे फोडून साधारण ३८ लिटर आंबवण, म्हणजे मस्ट होईल आणि शेवटी २५ लिटरच्या आसपास वाइन मिळेल. आंबताना साली वर येतात आणि फेस फुगतो, म्हणून भांडं ६० लिटरच्या खाली घेऊ नका. अन्नासाठीच्या प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्या. जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा टब नको. देठ काढताना आळस करू नका, हिरव्या देठाने तोंड आवळणारी वाइन होते.

फोडल्याबरोबर केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सव्वातीन ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवून घाला. याने लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो आणि सालीवरचे रानटी जिवाणू दबतात. हे मोजायला ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा काटा लागतो. चमच्याच्या भरवशावर राहिलात की एक तर कमी पडतं, नाहीतर यीस्टच मरतं. घरात कोणाला दमा असेल तर ही पूड हवेशीर जागी हाताळा. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी हायड्रोमीटरने साखर मोजा. २३ ते २५ ब्रिक्स (म्हणजे ढोबळमानाने रसातल्या साखरेची टक्केवारी) चांगलं. २६ च्या वर असेल तर शेवटी अल्कोहोल इतकं चढतं की बरीच यीस्टं धापा टाकतात. अशा वेळी सहनशील जात निवडा. पीएच ३.३ ते ३.६ मध्ये असावा. ३.७ च्या वर गेलेल्या रसात टायरामिन आणि हिस्टामिन करणाऱ्या जिवाणूंचं फावतं, म्हणून टार्टरिक आम्ल लिटरला १ ग्रॅम घाला, ढवळा, पुन्हा मोजा. एकदम ओतू नका.

जातींमध्ये टायरोसॉल किंवा मेलाटोनिन करण्याची क्षमता कमीजास्त असते. पण पाकिटावर ते छापलेलं नसतं आणि फरक पडला तरी वर केलेला हिशेब त्याने बदलत नाही. म्हणून रेड वाइनसाठीचं, हायड्रोजन सल्फाइड कमी करणारं आणि तुमच्या ब्रिक्सला पेलवेल असं यीस्ट घ्या. मात्रा लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे ३८ लिटरला ५ ग्रॅमच्या दोन पुड्या. १०० मिलि पाणी ४० अंश सेल्सिअसवर आणून (इथून पुढे सगळे अंश सेल्सिअसमध्येच) त्यात यीस्ट भुरभुरवा आणि १५ ते २० मिनिटं तसंच ठेवा. मग थोडं थोडं आंबवण मिसळत त्याचं तापमान खाली आणा. भांड्यातला रस आणि यीस्टचं पाणी यांच्यात १० अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर धक्क्याने पुष्कळ पेशी मरतात, आणि मग आठवड्याने ‘यीस्ट खराब निघालं’ अशी तक्रार होते.

सेंद्रिय पोषक एकूण १५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम. त्यातलं निम्मं घालायचं ते किण्वन सुरू झाल्याची खूण दिसली की, म्हणजे ब्रिक्स दोन-तीनने उतरले की. उरलेलं निम्मं, एक तृतीयांश साखर संपल्यावर. सडक्या अंड्याचा वास आलाच तर ७ ते ८ ग्रॅम डीएपी घाला, त्याने लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन वाढतो, आणि जोरात ढवळून हवा द्या. अल्कोहोल ९-१० टक्क्यांवर गेल्यावर घातलेलं डीएपी यीस्टला नीट उचलता येत नाही. ते वाइनमध्ये उरतं आणि नको त्या जिवाणूंना पोसतं.

तापमान २५ ते २८ अंश ठेवा. सालींची टोपी दिवसातून तीनदा खाली दाबा. दाबली नाही तर ती वरच्या वर गरम होते, कोरडी पडते आणि व्हिनेगरचे जिवाणू तिथेच घर करतात. टोपीच्या आतलं तापमान वेगळं मोजा, ते रसापेक्षा बरंच जास्त असू शकतं. ३२ च्या पुढे गेलं तर बर्फाने भरून घट्ट बंद केलेल्या बाटल्या आत सोडा. आणि तळघराची खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. तुमच्या तीन पेट्यांमधून दीड हजार लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटेल. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. मुलं किंवा कुत्रं त्या दिवसांत खाली जाऊ देऊ नका. खाली गेल्यावर दम लागला किंवा डोकं गरगरलं तर भांडं तसंच सोडून ताबडतोब वर या.

सात ते दहा दिवसांत हायड्रोमीटरवर घनता (पाण्याची १.००० धरून) १.००० च्या खाली गेली की साली दाबून काढा. पहिला जाड गाळ एक-दोन दिवसांत बसतो. त्यावर वाइन महिनोन्‌महिने ठेवू नका. मेलेल्या पेशी फुटून अमिनो आम्लं सुटतात आणि टायरामिनचा तोच प्रश्न परत येतो. नंतरच्या बारीक गाळावर दोन महिने ठेवलं तर वाइनला गोलाई येते, तेवढं पुरे. मॅलिक आम्लाचं किण्वन रानटी जिवाणूंवर सोडण्यापेक्षा विकत मिळणारं शुद्ध विरजण वापरा, आणि ते संपलं की लगेच सल्फाइट द्या.

कायद्याचं थोडक्यात. तुमच्याकडे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाइन करायला केंद्रीय कायद्याची मुभा आहे. विकायची नाही आणि तिचं ऊर्ध्वपातन करायचं नाही. हे सदर महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी मात्र हे करायला जाऊ नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू गाळणं वा आंबवणं गुन्हा आहे.

बाबांसाठी काही करायचंच असेल तर दोन लिटर वाइन बाजूला काढून तिचं व्हिनेगर करा. टायरोसॉल आणि हायड्रॉक्सीटायरोसॉल सहज उडून जाणारी द्रव्यं नाहीत. अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल झालं तरी ती बऱ्याच अंशी मागे राहतात. चमचाभर व्हिनेगरमध्ये ती अगदी थोडी असतील. मुख्य माल ऑलिव्ह तेलातूनच येईल. बाटलीवर पॉलिफेनॉल किलोला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त लिहिलेलं तेल बघा आणि त्यांच्या कोशिंबिरीवर दीड टेबलस्पून तेल, एक चमचा व्हिनेगर घाला. झोपेचं मात्र त्यांच्या डॉक्टरांशीच बोला. मधुमेहात रात्री लघवीला उठावं लागणं हेही झोप तुटण्याचं कारण असू शकतं.

व्हिनेगरसाठीची वाइन हा शेवटचा सल्फाइट देण्याआधीच बाजूला काढा. पाणी घालून अल्कोहोल ६ ते ७ टक्क्यांवर आणा, न गाळलेल्या, ताज्या व्हिनेगरची पाव भाग भर घाला, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीवर दुहेरी मलमल बांधा आणि २५ ते ३० अंशांत सहा ते आठ आठवडे ठेवा. ही बरणी स्वयंपाकघरात ठेवा, तळघरात नको. तिच्यातले जिवाणू चिलटांच्या पायांना लागून उरलेल्या बावीस-तेवीस लिटर वाइनपर्यंत पोचले, तर तिचंही व्हिनेगर होईल.